आतली धूळ

जुने कीबोर्ड दुरुस्त करायचा धंदा आता कुणी करत नाही. मी करतो, कारण या वयात दुसरं काही शिकायचा कंटाळा आलाय.

त्या दुपारी एक बाई उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कीबोर्ड घेऊन आल्या. पिवळा पडलेला, विटेसारखा जड. त्यांचा नवरा त्यावर भाषांतरं करायचा. तो गेल्या वर्षी वारला.

"स्पेसबार अडकतोय, भाऊ. तेवढाच सोडवा. बाकी कशाला हात लावू नका."

मी मान डोलावली. अशी मान मी दिवसभर डोलावत असतो.

स्पेसबार काढला आणि आतली धूळ दिसली. ती दिसली की आमच्या धंद्यातल्या माणसाला राहवत नाही. सगळी बटणं उपटून साबणाच्या कोमट पाण्यात टाकली. त्यांच्याखाली पांढरे केस होते, बिस्किटाचा चुरा, नखाचा तुकडा आणि कातडीचा राखाडी भुगा. कपाटात कोंडलेल्या शर्टासारखा वास येत होता. सगळं ब्रशने झटकून कचऱ्याच्या गाडीत दिलं. बटणं वाळल्यावर बसवली आणि सवयीप्रमाणे दहाही बोटांनी बराच वेळ टाइप करून पाहिलं. प्रत्येक बटण झटकन वर येत होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाई न्यायला आल्या. त्यांनी कीबोर्ड नाकाजवळ नेला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"धुतलात?"

"घाण फार होती, ताई."

"घाण नव्हती हो ती..." त्या स्टुलावर बसल्या. "संध्याकाळी मी दार लोटून आडवी होते. मग बाहेरच्या खोलीत हा वाजायला लागतो. वायर कशालाच जोडलेली नसते. सावकाश वाजतो, यांच्या दोन बोटांनी... तेवढ्यावर मला झोप लागते. गोळ्यांनी लागत नाही."

त्यांनी कीबोर्ड पुन्हा अभ्र्यात गुंडाळला आणि त्या निघून गेल्या.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

"भाऊ, वाजतोय."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे आले ते परत!"

"हे नाहीत..." त्यांचा आवाज अगदी खाली होता. "यांची दोनच बोटं चालायची. आता दहा चालतात. भराभर... थांबतच नाहीत."

"ताई, तो कीबोर्ड माझ्याकडे आणून द्या. आत्ताच्या आत्ता..."

"नको." त्यांनी जांभई दिली. "कुणी का असेना, भाऊ. झोप लागते मला."

नंतर त्यांनी फोन उचललाच नाही, आणि घर कुठे ते मी विचारलं नव्हतं.

मी हल्ली अंधार पडताच आडवा होतो. पडल्या पडल्या डोळा लागतो. सकाळी मनगटं ठणकत असतात, पेला धरवत नाही. बायको म्हणते, वय झालं. असेलही. पण बोटांची टोकं गुळगुळीत होत चालली आहेत. कालपासून माझा फोन माझं बोट ओळखत नाही.