चार बोटांची जागा

हे भरदुपारी घडलं, ते आधीच सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, अंधारात भास झाला असेल. अंधार नव्हता, आभाळ तेवढं भरून आलं होतं.

आमचं काम जुन्या गाड्यांच्या चकचकीत पट्ट्या, बंपर, मुठी उजळायचं. मी कडेच्या रंगावर चिकटपट्टी लावतो, दादा घासतो. हात सोन्याचा, पण एक डाग राहिला तर गडी रात्रभर तळमळतो.

त्या दिवशी एक म्हातारबाई स्वतः गाडी चालवत आल्या. ड्रायव्हरच्या दाराच्या पट्टीवर, खिडकीखाली, चार बोटांएवढा मुलामा झिजून मंद झाला होता.

"एवढी जागा सोडा हं," त्या म्हणाल्या. "आमचे हे गाडी चालवताना हात बाहेर काढून इथंच बोटं टेकवायचे. गेले, तरी अजून टेकवतात."

दादानं मला हळूच डोळा मारला. मी त्या जागेवर चिकटपट्टी लावून चहा आणायला गेलो. परत येतो तर चिकटपट्टी खाली पडलेली, आणि दादा तीच जागा रगडतोय!

"अरे, त्या नको म्हणाल्या होत्या ना!"

"आख्खी पट्टी आरसा, आणि मधे हे? लोक मला नावं ठेवतील."

पॉलिशच्या उग्र वासात मला तंबाखूचा वास आला. आमच्यात कुणीच ओढत नाही. दादाचा हात मधेच थांबला.

"खांद्यावरचा हात काढ ना..."

"दादा, मी समोर उभा आहे..."

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मीही त्याच्या खांद्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी बाई आल्या. पट्टीवरून हात फिरवत ती जागा शोधत राहिल्या. मला वाटलं, आता आमची खरडपट्टी निघणार. पण त्यांनी दादाकडे फक्त कीव आल्यासारखं पाहिलं.

"आता ते हात कुठे ठेवणार...?" एवढंच बोलून त्या गाडी घेऊन गेल्या.

तेव्हापासून दादा डावा खांदा पाडून चालतो. त्याचे सगळे शर्ट तिथंच विरतात. वहिनी ठिगळं लावून कंटाळली. मला दादाची फार काळजी वाटते, पण त्याला म्हणू काय?

काल वहिनीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "भावोजी, शर्टाचं जाऊ द्या... ह्यांच्या खांद्याची कातडी बघा. चार ठिकाणी इतकी पातळ झालीय... आतलं पांढरं दिसतंय."