खिशातले हात

दार उघडलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्याच्या एका भुवईला पीठ लागलेलं होतं आणि डोळे अर्धे झोपेतच होते.

“तुमच्या नळाला पाणी कसं येतं हो?” तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या बादलीकडे पाहिलं. “वरून… खाली.”

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली. इमारतीत तिला सगळे चष्मेवाली म्हणत, कारण ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची आणि मोडक्या काड्या जोडायची. तो रात्रभर बेकरीत पाव भाजून सकाळी घरी यायचा. ती जिना उतरायची, तो चढायचा, आणि मागे ताज्या पावाचा वास रेंगाळायचा. त्या वासासाठी आपण रोज ठरावीक वेळी निघतो, हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

“माझ्याकडे धार नुसती करंगळीएवढी आहे,” ती म्हणाली. “दोष टाकीत आहे की माझ्याच नळात, ते बघायचंय. दोघांनी एकदम बादली लावायची. भरली की खिडकीतून ओरडा.”

“शर्यत?” त्याची झोप उडाली.

ती वर पोहोचून नळ सोडते न सोडते तोच खालून आरोळी आली, “झाली!” तिच्या बादलीचा तळसुद्धा धड झाकला नव्हता.

वरच्या मजल्यावरचं हे छोटं घर तिने स्वतःच्या कमाईतून घेतलं होतं. आई म्हणाली होती, “एकटीला घर झेपत नाही गं. नळ बिघडला तरी माणूस लागतो.” दादाने तर बजावूनच ठेवलं होतं, “काही अडलं तर नुसता फोन कर, मी माणूस पाठवतो.” आणि उद्या संध्याकाळी आई पहिल्यांदाच घर बघायला येणार होती. फोन केला असता तर पाणी नक्की आलं असतं, पण मग घर दादाचं झालं असतं.

तिने नळांच्या जाळ्या काढून जुन्या टूथब्रशने घासल्या. चिमूटभर वाळू निघाली, धार मात्र तशीच. “वरच्या मजल्याला कमीच येणार, टाकी जवळ, मग दाब कमी ना,” असं ज्याने त्याने सांगितलं. पण समोरच्या काकूही वरच्याच मजल्यावर, आणि त्यांच्याकडे धो धो पाणी! म्हणजे दोष टाकीपासून तिच्या घरापर्यंतच्या तिच्या एकटीच्या पाइपात होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी ती गच्चीवर गेली, तर तो आधीच तिथे उभा.

“झोपला नाहीत?”

“शर्यतीचा निकाल कळल्याशिवाय झोप कशी येणार?”

तिच्या पाइपावरचा व्हॉल्व्ह तिने धरून फिरवला. फिरला. आणखी फिरवला, आणखी फिरला… थांबेचना. तिचे डोळे चमकले. “चष्म्याचा स्क्रू असा नुसताच फिरत राहिला ना, की समजायचं, आत काही धरलेलं नाही. ही मूठ फिरतेय, पण आतली झडप सुटून वाटेत पडलीय.”

नळाच्या सामानाच्या दुकानदाराने सांगितलं, नवा व्हॉल्व्ह घ्या आणि त्याचा वरचा भाग जुन्यावर बसवा, पाइप कापायला नको. पण त्यासाठी टाकी बंद करावी लागणार होती. म्हणजे रविवारी सकाळी सगळी इमारत कोरडी! ती सांगायला निघाली, तर जिन्यातच तिला त्याचा आवाज ऐकू आला.

“थोडा वेळ पाणी जाईल, काका. चष्मेवाली व्हॉल्व्ह दुरुस्त करतेय.”

“ती? आणि नाही जमलं तर?”

“तर तुमच्या घरी मी पाणी वाहीन. पण तशी वेळ यायची नाही.”

ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. आजवर तिला मदत करायला सगळे तयार होते, तिच्यावर भरवसा ठेवणारा हा पहिलाच.

टाकी बंद झाली, पाना लागला आणि नट काही हलेना. तिने पूर्ण जोर लावला. पाना सटकला, बोटाचं सालटं निघालं. त्याचा हात आपसूक पुढे आला…

तिने नुसतं पाहिलं.

त्याने हात मागे घेतला आणि दोन्ही हात खिशात घातले. “सांगा,” तो हळूच म्हणाला, “काय आणू?”

“कढत पाणी.”

त्याने किटली आणली. तिने नटावर पाणी ओतलं, पुन्हा पाना लावला, दात-ओठ खाल्ले, आणि नट करकरत सुटला. आत पितळेची झडप खरंच वाटेत आडवी पडलेली. तिने ती काढून त्याच्या तळहातावर ठेवली. नवा भाग बसवला, आवळला, टाकी सोडली. एक थेंब गळला नाही.

“जा, बघा माझ्याकडे पाणी येतंय का,” ती म्हणाली.

“अंहं. पहिलं पाणी तुमचं.”

दोघं धावतच खाली आली. नळ खोकला, थुंकला, आणि मग अशी धार सुटली की दोघंही भिजली. ती लहान मुलीसारखी ओरडली, “मी केलं!”

“तूच केलंस,” तो म्हणाला. मग तो ‘तू’ त्याचा त्यालाच ऐकू आला आणि कान लाल झाले. “म्हणजे… तुम्ही…”

“असू दे. तू चालेल.”

“कणीक मळणारे हात आहेत माझे,” ते पुन्हा खिशात घालत तो म्हणाला. “खिशात गप्प ठेवणं हे आजवरचं सगळ्यात अवघड काम. पण तू काम करत असताना असं शेजारी उभं राहायला… मला जन्मभर आवडेल.”

नळ वाहतच होता. तिने आधी तो बंद केला, मग त्याचा एक हात खिशातून बाहेर काढला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

संध्याकाळी आई आली. प्रवासाने आंबलेली, आल्या आल्या अंघोळीला गेली. न्हाणीतून शॉवरचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा, “अगंबाई! केवढा जोर पाण्याला! दादाने पाठवला होता ना माणूस?”

“नाही. मीच केलं.”

बाहेर आली तेव्हा आईने आधी लेकीचं सोललेलं बोट हातात घेतलं, मग फोन. “अरे, ऐक,” ती दादाला म्हणाली, “यापुढे तुझ्याकडचं काही बिघडलं ना, तर हिला फोन करत जा.”

तेवढ्यात दारात बेकरीवाला उभा, काखेत पावाची पिशवी, दोन्ही हात खिशात. आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आणि यांनी काय केलं?”

“यांनी?” ती मान ताठ करून म्हणाली. “आई, यांनी काहीच केलं नाही.”

त्याचा चेहरा असा फुलला, जणू भर सभेत कुणी त्याच्या गळ्यात हार घातला.

आई एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे बघत राहिली. तिला हळूहळू काहीतरी उमगलं.

“तुझ्या बाबांना हे एवढं एक कधी जमलं नाही,” ती म्हणाली. “या हो, आत या. बसा.”