शेवटचे चार सेकंद

जर्मनीतल्या कोलोन शहराच्या एरेनफेल्ड भागात, ट्रामच्या थांब्यापासून पाच मिनिटांवर विटांचं एक जुनं गोदाम आहे. जवळच्याच आखन शहरात ध्वनिशास्त्र शिकलेली पुण्याची स्वरूपा फेब्रुवारीपासून तिथे कामाला जात होती. काम सोपं होतं. जुन्या तबकड्या ओल्या फडक्याने पुसायच्या, सुई टेकवायची, गाणं संगणकात घ्यायचं आणि साफ करायचं.

तबकड्या एका बड्या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या. एके काळी त्या कंपनीने मेणाच्या थाळ्या देऊन माणसं जगभर पाठवली, मिळेल तो गळा टिपला आणि त्यावर शंभर वर्षं राज्य केलं. मग कुणा गुंतवणूकदाराने कर्ज काढून ती विकत घेतली. कर्ज फिटेना, तेव्हा बँकेने ती ताब्यात घेऊन तिचे तुकडे केले. गाणी एकाला, हक्क दुसऱ्याला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारेच ते, त्यांच्या नजरेतून तबकड्याही सुटल्या नाहीत. आवाज काढून घेतला की शुक्रवारी त्यांचा चुरा करायचा, असं ठरलं होतं.

मंगळवारी तिच्या हाती एकाच बाजूला कोरलेली एक तबकडी आली. लेबलवर जर्मनमध्ये एवढंच छापलं होतं: ‘भारतीय स्त्री, गायन.’ आवाज धारदार होता. अडीच मिनिटांनी गाणं संपलं आणि बाई घाईघाईने म्हणाली, ‘‘मी गोजराबाई, कऱ्हाडची.’’

असं का, हे स्वरूपाला ठाऊक होतं. त्या काळी मुंबईत मेणावर घेतलेलं गाणं छापायला जहाजाने जर्मनीत यायचं. गाणं कुणाचं हे इथल्या कामगाराला कळावं, म्हणून गाणारी शेवटी स्वतःचं नाव सांगायची. बाईने तर स्वच्छ सांगितलं होतं. ऐकणाऱ्याने कान द्यायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. स्वरूपाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने सगळ्या याद्या धुंडाळल्या. गोजराबाईचं नाव कुठेही नव्हतं, आणि तबकडीची दुसरी प्रतही नव्हती.

तिचा साहेब केसलर मऊ बोलणारा माणूस. ‘‘शेवटचं बोलणं कापा,’’ तो म्हणाला. ‘‘घेणाऱ्याला फक्त गाणं हवंय.’’

‘‘पण ते तिचं नाव आहे.’’

‘‘गेनाऊ, अगदी बरोबर. नाव आहे, गाणं नाही.’’

शेजारच्या टेबलावरचा कपिल नाशिकचा, इथे दहा वर्षं मुरलेला. तो हळूच म्हणाला, ‘‘अगं, तुझी प्रोबेत्साइट, नोकरीतली उमेदवारी, संपायला दोन आठवडे राहिलेत. आत्ता कामावरून काढलं तर व्हिसाचं काय करशील? काप आणि मोकळी हो.’’

तिने कापलं. बरोबर चार सेकंद.

बुधवारी सकाळी फाइल चार सेकंदांनी मोठी झालेली होती. सेव्ह करायला विसरले असेन, असं म्हणत तिने कपिलला शेजारी बसवून पुन्हा कापलं.

गुरुवारी ती कोलोनमधल्याच एका चर्चच्या समूहगानाची तबकडी ऐकत होती. शेवटचा सूर विरला, सुई खरखरली, आणि बाई म्हणाली, ‘‘मी गोजराबाई, कऱ्हाडची.’’ या वेळी तिला घाई नव्हती.

कपिल उठून आला. ‘‘हे तू मिसळलंस?’’

‘‘संगणक बंद आहे, कपिल.’’

त्याने सुई पुन्हा टेकवली. आवाज तबकडीतूनच येत होता. त्याने सुई उचलली आणि बेसिनवर जाऊन हात धुतले, बराच वेळ.

स्वरूपाने यादीत नवा रकाना करून गोजराबाईचं नाव लिहिलं आणि ती केसलरकडे गेली. त्याने तिच्यासमोरच तो अख्खा रकाना पुसला. ‘‘आल्झो, हे बघा, घेणाऱ्याच्या नमुन्यात हा रकाना नाही. तुम्हाला इथे राहायचंय ना?’’

तिला त्याचा संताप आला. आपण गप्प राहिलो याचा त्याहून जास्त आला. अख्ख्या इमारतीत ते नाव ऐकून समजणारी माणसं दोन. एकाने हात धुतले होते, आणि दुसरी आता कात्री चालवणार होती.

‘‘माफ करा, बाई,’’ ती पुटपुटली. चर्चचं गाणं संगणकात घेऊन तिने त्यातलं आणि पुन्हा वाढलेल्या पहिल्या फाइलीतलं, दोन्हींतलं नाव कापलं.

शुक्रवारी तबकड्या गेल्या. अंगणात चुरा होताना कौलं फुटल्यासारखा आवाज येत राहिला. फाइली जेवढ्या कापल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. बाई पुन्हा बोलली नाही. केसलरने स्वरूपाचं अभिनंदन केलं.

ती घरी पोचली तेव्हा लख्ख ऊन होतं. दाराशी घंट्यांशेजारी नावांच्या पाट्या होत्या: मायर, श्मिट्स, ओझकान. चौथी तिची. फेब्रुवारीत तिने स्वतः छापून सरकवलेली चिठ्ठी तिथे नव्हती. त्या जागी पिवळट कागदावर, जुन्या जर्मन अक्षरांत, छापलं होतं: ‘भारतीय स्त्री.’

कपिलची मस्करी असणार, तिने स्वतःला सांगितलं. पण कपिलने तिचं घर पाहिलेलं नव्हतं.

तिने तिथेच उभ्याने पुण्याला घरच्या जुन्या लँडलाइनवर फोन लावला. बाबांनी उचलला.

‘‘हॅलो, कोण बोलतंय?’’

‘‘मी...’’

पुढचे चार सेकंद तिचे ओठ हलत होते.

‘‘नुसती खरखर येतेय हो,’’ बाबा म्हणाले. ‘‘नाव सांगा.’’