टाकीची सावली

वैतागून जिना चढताना तिने समोरून उतरणाऱ्या माणसाला सरळ धडक दिली. त्याच्या हातातली मोजपट्टी सुटली आणि खडखडत चार पायऱ्या खाली गेली.

"बघून चाला की," ती म्हणाली.

चूक तिचीच होती, पण आज ते कबूल करण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. खाली उबवणी यंत्रात चार हजार अंडी होती, अठरावा दिवस होता, आणि गच्चीवरची सोलर यंत्रणा दुपारचे तीन वाजले की हातपाय गाळून बसत होती. बॅटरी अर्धीच भरायची. लाइनची वीज इथे मन मानेल तेव्हा जायची. पहाटे वीज जाऊन यंत्र गार पडलं, तर तीन दिवसांत बाहेर येणारी पिल्लं कवचातच मरणार होती.

"सोलरवाल्यांकडून आलात ना? मग त्यांना सांगा, आमच्या गच्चीचा नकाशा ज्या गाढवाने काढला त्याला एकदा इथे पाठवा. तीन वाजता शेजारच्या टाकीची सावली पॅनेलवर येते, एवढंही दिसलं नाही त्याला?"

"नाही दिसलं," तो शांतपणे म्हणाला. "तो इथे आलाच नव्हता. उपग्रहाच्या जुन्या फोटोवरून नकाशा काढला त्याने. फोटोत टाकी नव्हती."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तो गाढव मीच."

तिने मान वर केली. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर खडूची रेघ... आणि डोळ्यांत एकही सबब नाही. त्याने तर ती आणखीच चिडली. खोटं बोलणाऱ्याशी भांडणं किती सोपं असतं.

गच्चीवर त्याने सावलीची कड खडूने आखून ठेवली होती. "दोनच पॅनेलवर पडते. पण ओळीतली सगळी एका तारेत जोडलेली आहेत. दोन अडली की पूर्ण ओळ ढेपाळते. ही दोन पलीकडे हलवू. धराल?"

"धरते. मला काय हौस आहे म्हणून."

"ठिणगे," खालून बाबांनी हाक मारली. मुलीचा स्वभाव ओळखून त्यांनीच ठेवलेलं नाव ते. "संध्याकाळपर्यंत बॅटरी भरली नाही, तर मी जनरेटर लावणार. आणि या खेपेला पिल्लं गेली तर ते निळे आरसे उतरवायचे. पुन्हा वाद नको."

"जनरेटर का नको?" त्याने हळूच विचारलं.

"परसात आहे तो. डिझेलचा धूर थेट यंत्राच्या खोलीत शिरतो. अंडं कवचातून श्वास घेतं, साहेब. मागच्या हिवाळ्यात निम्मी पिल्लं गुदमरली. महिनाभर बाबांशी भांडून मी हे सोलर बसवून घेतलं, आणि तुम्ही खुर्चीत बसून..." तिचा आवाज फाटला. ते तिला अजिबात आवडलं नाही.

तो बोल्ट सोडवत राहिला.

"पाना द्या," थोड्या वेळाने म्हणाला. "रागावलात की तुमच्या नाकाचा शेंडा लाल होतो."

"वारा गार आहे. काम करा."

दोन्ही पॅनेल हलली... आणि नेमके तेव्हाच ढग आले. बॅटरीचा आकडा साठाच्या पुढे सरकेना. बाबा जिन्यात येऊन उभे राहिले. ती त्याच्याकडे बघत राहिली. भरेल म्हण, एवढंच म्हण.

"भरणार नाही," तो म्हणाला. "सोलरला धूर नाही, आवाज नाही, पण ढग आले की त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही. आज जनरेटर लागेल."

पाना त्याच्या डोक्यात घालावासा वाटला तिला. बाबांच्या देखत तिचा पक्ष सोडला त्याने.

"पण परसात नको," तो बाबांना म्हणाला. "फाटकापाशी नेऊ. वारा तिकडून बाहेर वाहतोय. लांब केबल आहे माझ्या गाडीत."

मग त्या सोलरवाल्यानेच बाह्या सारून बाबांच्या जोडीने ते अवजड धूड फाटकापर्यंत ढकललं. ती धुसफुसत केबल सोडत होती. थाप मारून तो तिच्या मर्जीतून उतरायचा वाचला असता. त्याने पिल्लं वाचवणं पसंत केलं. हे कळलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशीही, तपासण्यासारखं काही उरलेलं नसताना. एकविसाव्या सकाळी पहिलं कवच तडकलं, मग दुसरं, मग सगळं यंत्रच चिवचिवू लागलं. बाबा दारातून डोकावले, "राहू देत ते आरसे," एवढं पुटपुटून निघून गेले.

"आता तरी राग गेला?" त्याने विचारलं. ओलं पिल्लू त्याच्या तळहातावर थरथरत होतं.

"नाही. तुम्ही आलात की राग येतो. आणि नाही आलात की... त्याहून जास्त येतो. काल तुम्हाला यायला दहा वाजले, तर मी बाबांवर खेकसले. याचं काय करायचं ते सांगा."

तो कानापर्यंत लाल झाला. "मला तुम्ही आवडता," तो कसाबसा म्हणाला. "रागासकट."

"मोठ्याने बोला. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. त्याने पुन्हा सांगितलं.