पाणी लई सुटलंय

अहमदपूरच्या त्या दवाखान्यात दुपारी तीनला कंपनीचं पत्र आलं, तेव्हा उज्वला सिस्टर नुकतीच डबा खाऊन हात पुसत होती. सलाईन मोजून सोडणारे तीन पंप परत मागवले होते. एका खेपेत दोष निघाला होता: पडद्यावर आकडा बरोबर दिसतो, पण पाणी त्याहून कितीतरी वेगानं अंगात जातं. पंप न्यायला लातूरहून संगमेश्वर नावाचा माणूस गाडी घेऊन आलाही होता.

"सिस्टर, आधी एवढं सांगा," त्यानं फॉर्म पुढं ओढला. "या मशीनबद्दल कुण्या पेशंटनं तक्रार केली होती का?"

"न्हाई," उज्वला म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली, की तिचं तिलाच कसंतरी झालं.

कारण तक्रार झाली होती. पंधरा दिवसांपूर्वी, सात नंबरच्या कॉटवर. नागाबाई, सत्तरीची म्हातारी, हृदय थकलेलं. जन्मभर लोकांच्या उसात दारं धरलेली बाई. पाटाचं पाणी आलं की चिखलाचा गोळा थापून एका सरीचं तोंड बंद करायचं, दुसरीचं मोडायचं, आणि नुसत्या धारेवरून सरी कधी भरेल ते सांगायचं. तिनं सलाईनच्या नळीकडं बराच वेळ बघितलं आणि उज्वलाचा हात धरला.

"पोरी, पाणी लई सुटलंय. दारं लाव."

"मशीन मोजून सोडायलंय मावशी. साठचा आकडा हाय बघा. तासाला साठ मिली, म्हंजी मिनिटाला वीस थेंब."

"मला आकडे कळत न्हाईत. पाणी कळतंय."

उज्वलानं केसपेपरवर लिहिलं, रुग्ण असंबद्ध बोलते. दिवस मावळायच्या आत नागाबाईची छाती पाण्यानं भरली आणि ती गेली. वय झालं होतं, असं सगळेच म्हणाले. उज्वलाही म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचा एका जागी पाय ठरत नव्हता.

आता दोन पंप लगेच सापडले. तिसरा, ज्याचा नंबर सतरावर संपत होता, तो काही मिळेना. दसऱ्याला आया केवळाबाईनं दवाखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली होती आणि बहुतेकांवर हळदीकुंकू नेमकं नंबराच्या पट्टीवर थापलं होतं. पंप रोज स्पिरिटनं पुसला जाई, पण पूजेचं कुंकू कोण पुसणार? आठ महिन्यांत ते सिमेंटासारखं बसलं होतं. उज्वला नखानं खरवडत एकेका कॉटवरून पुढं सरकत होती. सतरा नंबर या घडीला कुणाच्या तरी हाताला लावलेला असेल.

तेवढ्यात लाईट गेली. पंखे थांबले. जनरेटर सुरू व्हायच्या आधीच्या त्या शांततेत तिला पाण्याचा आवाज आला. पाटातून पाणी चालावं तसा, संथ, खळखळ...

"केवळाबाई, वर कुणी नळ सोडलाय का?"

"मे महिना हाय सिस्टर. आठ दिस झाले, नळाला पाणी कुठंय?"

आवाज जिन्यावरूनच येत होता. आणि वास. स्पिरिटचा नव्हे, भिजलेल्या काळ्या रानाचा. उज्वला निलंग्याकडची, उसातच वाढलेली. हा वास तिला चुकणं शक्य नव्हतं. ती जिना चढू लागली, आणि प्रत्येक पायरीला वास दाट होत गेला.

वरच्या खोलीत अयोध्या होती. परवाच बाळंत झालेली, हृदयाची झडप अधू. हिला पाणी अगदी बेतानं द्या, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. ती डोळे मिटून पडली होती, बाळ कुशीत. पंप बॅटरीवर चालू होता. आकडा साठ. पण बाटली भरलेली, आणि एकही थेंब पडत नव्हता.

पंपाखाली नळी दुमडलेली होती. दुमडीवर काळ्या चिखलाचा गोळा थापलेला. ओला. त्यावर चार बोटं उमटलेली. नळी तुंबली की हा पंप कोकलून दवाखाना डोक्यावर घेतो. आज तो गप्प होता.

उज्वलानं कुंकू खरवडलं. सतरा.

तिनं अयोध्याची नळी काढली आणि मग चिखल बाजूला केला. धार लागली. थेंब नव्हेत, धार. आकडा मात्र साठच.

"अयोध्या... इथं कोण आलं होतं?"

"ती म्हातारी की," अयोध्या झोपेतच पुटपुटली. "मगाधरनं उभी व्हती. म्हणली, सिस्टर येईस्तोवर मी दारं धरते... मला सवय हाय."

उज्वला खाली आली तेव्हा रडत होती, आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही. तिनं फॉर्म ओढून घेतला. तक्रार, होय. कुणी केली, नागाबाई. कुणाकडं केली, या रकान्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

"सिस्टर, नोकरीवर येईल," संगमेश्वर हळूच म्हणाला.

"येऊ द्या."

संध्याकाळी तिनं त्याच्याकडून बदली पंप घेतला. नव्या खेपेचा, सीलबंद खोक्यातला, कोरा करकरीत. नवी नळी लावली, अयोध्याला जोडली. आकडा साठ. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिला जरा मोकळं वाटलं. ती दाराकडं वळली.

आणि पुन्हा तो वास आला.

तिनं मागं पाहिलं. अयोध्या गाढ झोपली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नव्या नळीवर, बरोबर त्याच जागी, ओल्या काळ्या मातीचा एक अंगठा उमटला होता.

उज्वलानं पडद्याकडं बघितलंच नाही. हातातलं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि ती थेंब मोजू लागली. मिनिटाला वीस पडायला हवेत. अठरा... एकोणीस... वीस...

अर्धंच मिनिट झालं होतं, आणि एकविसावा थेंब पडला.