वहीत नसलेली ओळ

घोटावड्याच्या कबरस्तानातून रस्ता जाणार होता. सरकारी यादीत असतील तेवढ्या कबरी वरच्या माळावर हलवायच्या, बाकीच्यांवर रोलर. रस्त्याच्या कामावरच्या साहेबांनी हे चहाचे घोट घेत सांगितलं.

शाकिर हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करायचा. जमातीच्या दफनाच्या जुन्या वहीवरून त्यानं दोनशे बारा नावं फाईलमध्ये उतरवली. साहेबांची यादी आली, तशी दोन्ही फायलींवर डिफ कमांड चालवली. फरक असलेली ओळ ती दाखवते, फरक नसेल तर गप्प बसते.

एक ओळ आली.

मुलगी. वय एक दिवस. आई मैमुना.

मैमुना म्हणजे त्याचीच आई. त्यानं दोन्ही फायली वरपासून खालपर्यंत वाचल्या. ही ओळ एकीतही नव्हती. वैतागून त्यानं एकाच फाईलची तिच्याशीच तुलना केली.

तीच ओळ.

वही सांभाळणाऱ्या बाबालालचाचांना त्यानं ती ओळ दाखवली, तसा त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "तुज्या आदीची ती. सातव्या दिशी नाव ठेवत्यात. त्याच्या आत गेलेलं पोर वहीत घेत न्हवतो आमी. रीतच व्हती."

"रीत! तिच्या आईला इचारलं व्हतं का कुणी?"

चाचांनी वही मिटून फडक्यात बांधली.

शाकिरनं ती ओळ यादीत घालून पाठवली. साहेबांनी खोडली. नाव नाही तर नोंद नाही म्हणे.

घरी मैमुना भाकरी थापत होती.

"अम्मा, पहिल्या पोरीचं नाव काय ठेवणार व्हतीस?"

थापणारे हात थांबले.

"रुही. तुज्या बापालाबी सांगितलं न्हवतं."

नाव टाकण्याआधी त्यानं पुन्हा डिफ चालवली.

रुही. वय एक दिवस. आई मैमुना.

यादी पुन्हा पाठवली. साहेब म्हणाले, मुदत काल संपली. एका दिवसाच्या जिवाला एक दिवस जास्तीचा मिळाला नाही.

गुरुवारी रोलर फिरला. मैमुना दार लावून घरात बसली. रडली नाही.

शुक्रवारी सकाळी शाकिरनं दोन कोऱ्या फायली केल्या. त्यांत एक अक्षर नव्हतं. डिफ चालवली.

रुही. वय दोन दिवस.

तो उठून आत गेला. मैमुना चुलीपाशी पाठमोरी बसली होती. साठी ओलांडलेली बाई.

"अम्मा."

ती वळली. पदर सरकला होता. पोलक्यावर छातीपाशी दोन ओले डाग होते, दुधाचे.