तुरुंगाच्या नोंदवहीतलं पान

"पान मी नाही हो फाडलं, वहिनी!" अभिलेखागाराच्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. "एकवीस वर्षं हे कागद पोटच्या पोरांसारखे जपले. आता चोर म्हणून कामावरून काढणार मला."

वहिनी खासगी तपास करीत. टिपणं घ्यायला धाकटे दीर सोबत असत, त्यांना सगळे भावजीच म्हणत. भावजींना बाईंची दया आली, पण संशयही त्यांच्यावरच होता. वही तर त्यांच्याच ताब्यात असायची!

प्रकरण जड होतं. आपले संस्थापक जुन्या उठावात तुरुंगात होते, याच पुण्याईवर सत्ताधारी पक्ष मतं मागत आला होता. निवडणुकीच्या तोंडावर कोणीतरी पुरावा मागितला, आणि तुरुंगाच्या नोंदवहीतलं नेमकं त्यांच्या नोंदीचं पान गायब!

पक्षाचा इतिहास लिहिणारे प्राध्यापक पक्षाच्या चिटणीसांना घेऊन तावातावाने आत आले. "विरोधकांनी बाईंना हाताशी धरलंय. पान मी स्वतः पाहिलं होतं. फोटो काढायला वही तीन दिवस माझ्याकडेच होती."

"मग त्या पानाचा फोटो?" वहिनींनी विचारलं.

"तो नेमका बिघडला."

वहिनींनी वही उघडली. शिवणीलगत फाटक्या पानाची बोटभर पट्टी होती. "लिहा भावजी. दोऱ्याच्या डावीकडे पूर्ण पानं चार, उजवीकडे चार. शिवाय ही पट्टी."

भावजींनी लिहिलं. त्यांच्या डोक्यात काही प्रकाश पडेना.

"लहानपणी वह्या शिवल्यात ना? कागद दुमडला की पानं किती होतात?"

"दोन. एक इकडे, एक तिकडे."

"मग एक फाडलं, तर एका बाजूला तीनच उरायला हवीत. इथे चाराला चार जागेवर आहेत. या पट्टीला जोडीदारच नाही. ती बाहेरून आणून चिकटवलीय." वहिनी प्राध्यापकांकडे वळल्या. "चोरी झालीच नाही. पानच नव्हतं. नसलेला पुरावा लोक मागतात, चोरीला गेलेल्याबद्दल हळहळतात. वही तीन दिवस तुमच्याकडे होती."

प्राध्यापकांनी मान खाली घातली.

चिटणीस मात्र शांत होते. "बाई, आरोप मागे घेतो. नोकरीही राहील. पान चोरीला गेलं, चोर सापडला नाही, एवढंच अहवालात लिहा."

भावजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. चला, बाई वाचल्या!

बाईंनी पदराने डोळे पुसले, पेन उचललं आणि लिहिलं, 'असं पान या वहीत कधीच नव्हतं.' खाली ठसठशीत सही केली. "आता काढा मला."

चिटणीसांनी खरंच काढायला लावलं, त्याच संध्याकाळी. बाई मात्र ताठ मानेने जिना उतरून गेल्या.